साठावे लागले, की साठ पूर्ण?

मराठी घरांत वय दोन प्रकारे सांगितले जाते. 'वडिलांना साठावे लागले' म्हणजे एकोणसाठ वर्षे पूर्ण होऊन साठावे चालू आहे. 'साठ पूर्ण झाली' म्हणजे त्यानंतरचे वर्ष सुरू झाले. बोलण्यात हा भेद सहज विरतो, व्यवहारात मात्र विरत नाही. ज्येष्ठ नागरिकाचा वाढीव व्याजदर साधारणतः साठ पूर्ण झाल्यावरच लागू होतो.

जपानी भाषेने या दोन गणनांना स्वतंत्र नावे दिली आहेत. पूर्ण झालेल्या वर्षांचे वय ते 'मान'. जुन्या रीतीचे वय ते 'काझोएदोशी'. या रीतीत बालक जन्मतःच एक वर्षाचे मानले जाई आणि प्रत्येक नववर्षदिनी सर्वांचेच वय एकाने वाढे. ३१ डिसेंबरला जन्मलेले मूल दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचे ठरे! १ जानेवारी १९५० पासून तेथील कायद्याने पूर्ण वर्षांची गणना रूढ केली. तरी काही धार्मिक विधींत जुनी गणना अद्याप टिकून आहे. साठ वर्षांच्या पूर्तीस ते 'कानरेकी' म्हणतात, कारण साठ वर्षांचे कालचक्र तेव्हा पुन्हा आरंभस्थानी येते. आपल्याकडेही संवत्सरे साठच आणि षष्ट्यब्दीपूर्तीही साठीचीच.

डिलाईल रोडच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांपुढे प्रश्न याहून कठीण होता. जन्म गावी झालेला, तारखेची नोंद नाही. गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजी अनेकदा १ जून ही तारीख मांडीत, कारण शाळा जूनमध्ये उघडत. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणूनच महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे रोजी निवृत्तांची मोठी रांग लागते. गुरुजींच्या लेखणीने कोणाच्या नोकरीची काही वर्षे वाढली, तर कोणाची घटली.

पेढीच्या वहीत संवत न लिहिता केवळ तिथी लिहिली तर ती नोंद अपुरी ठरते. वयाचेही तसेच आहे. घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांची जन्मतिथी, शक किंवा संवत आणि इंग्रजी तारीख आजच विचारून लिहून ठेवावी, आणि ती आधार, पॅन व बँकेच्या कागदांवरील तारखेशी ताडून पाहावी. तफावत असल्यास ती वेळीच दुरुस्त करून घ्यावी. सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच हे सोपे असते.