अदत्तादानाची नवी रूपे

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ ही पुष्कळ जैन घरांत दिवसातील अशी एकच वेळ असते, जेव्हा तीन पिढ्या एका जागी बसतात. दुकानातील तेजी-मंदी, नातवंडांच्या परीक्षा, चातुर्मासाचे नियम, सारे त्याच अर्ध्या तासात निघते. वादही तेव्हाच निघतात. पेठेत किराणा व जनरल मालाचे दुकान चालविणारे असेच एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. दुकान दोघा भावांच्या भागीदारीत, बिऱ्हाड चोवीस सदनिकांच्या सोसायटीत. घरात ऐंशी पार केलेल्या आजी, त्यांचा मुलगा, नातू आणि वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली नातसून. एकाच आठवड्यात या घरात तीन वाद झाले. पहिला विजेच्या गाडीवरून, दुसरा शाम्पूच्या बाटलीवरून, तिसरा कॅमेऱ्यावरून. वरवर पाहता तिन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता.

नातवाने विजेवर चालणारी मोटार घेतली. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलचा खर्च नाही, म्हणून घरात सर्वांना आनंद झाला. वाहनतळाच्या खांबावर सोसायटीचा एक सॉकेट होता. पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीसाठी कधीकाळी बसविलेला. नातवाने गाडीबरोबर मिळालेला चार्जर रात्री त्यालाच जोडला. वडिलांनी विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, "सोसायटीचा मेंटेनन्स आपणही भरतोच ना, बाबा? आणि रात्रीच्या विजेचं असं कितीसं होणार?"

कितीसे, याचा हिशेब अवघड नाही. एक किलोवॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. घरगुती चार्जर साधारणतः ३.३ किलोवॉटचा असतो. ३० युनिट क्षमतेची रिकामी बॅटरी भरावयास त्याला सुमारे दहा तास लागतात. आठवड्यातून दोनदा ती भरली, तर महिन्याला अडीचशे युनिट सहज होतात. चोवीस घरांत वाटले तर प्रत्येक घरामागे दहा युनिट. ही रक्कम इतकी लहान, की कोणाच्याही लक्षात येणार नाही. परंतु त्या चोवीस घरांत तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या वृद्ध विधवा बाईही आहेत, ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही. त्यांच्या दहा युनिटांनी गाडी धावते आणि त्यांना ते ठाऊकही नसते.

येथे शास्त्रातील एक शब्द आठवतो. अदत्तादान, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. अठरा पापस्थानांत त्याचा क्रम तिसरा आणि श्रावकाच्या पाच अणुव्रतांत अचौर्याचे स्थानही तिसरेच. या शब्दाचा नेमकेपणा लक्षात घेण्याजोगा आहे. वस्तू मोठी की लहान, मालकाला कळले की नाही, कुलूप फोडले की उघडेच होते, यांपैकी काहीही हा शब्द विचारीत नाही. तो एकच प्रश्न विचारतो, ज्याचे होते त्याने ते दिले होते काय?

वास्तविक मार्ग सोपा होता. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतच स्पष्ट केले होते, की आपल्या घरच्या विद्यमान वीजजोडणीवर स्वतःची गाडी भारित करता येते. आपल्या मीटरपासून वाहनतळापर्यंत योग्य जाडीची तार ओढावी, अर्थिंग आणि ट्रिप होणारा स्विच बसवावा, जोडणीचा मंजूर भार पुरेसा आहे ना हे पाहावे, सोसायटीला लेखी कळवावे, इतकेच. लांबच लांब एक्स्टेंशन वायर पसरून रात्रभर गाडी जोडून ठेवणे हे तर यतनेच्या विरुद्ध आहे. तार तापून आग लागली तर वाहनतळातील मुकी जनावरे आणि वरची माणसे दोन्ही धोक्यात येतात. स्वतःच्या मीटरवर बिल वाढते, वरच्या टप्प्यातील महाग दर लागतो, हे खरे. पण ते बिल आपले असते. नातवाने मग दुसरी युक्ती काढली, की गाडी दुकानाच्या मीटरवर लावावी. तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, "दुकानात काकांचा निम्मा वाटा आहे. त्यांना विचारलंस का?" नातू गप्प झाला.

दुसरा वाद मात्र वडिलांवरच उलटला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. शाम्पू, केसांचे तेल, टूथपेस्ट, अंगाचा साबण यांसारख्या रोजच्या वापरातील पुष्कळ वस्तूंवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुकानाच्या फळीवर जुनी किंमत छापलेला माल होता. तो छापील किमतीलाच विकावा, असे वडिलांचे मत. "माल आपण अठरा टक्के भरून घेतला आहे. तोटा आपण का सोसायचा?"

नातसून दुकानाची विवरणपत्रे भरते. तिने कागद ओढून घेतला. "बाबा, ११८ रुपयांची बाटली धरू. तिच्यात माल १०० रुपयांचा आणि कर १८ रुपयांचा. आता कर ५ रुपये, म्हणजे गिऱ्हाइकाला ती १०५ रुपयांना मिळायला हवी. खरेदीवर आपण जो कर भरला, त्याचं क्रेडिट आपल्या खात्यात जमा आहे. ते इतर मालाच्या करापोटी वापरता येतं. तो पैसा बुडालेला नाही. मग हे १३ रुपये कोणाचे?"

प्रश्नात मेख होती. छापील किंमत ही कमाल किंमत असते. वेष्टित मालाच्या नियमांनुसार तिच्याहून अधिक घेता येत नाही, कमी घेण्यास मात्र कोणताही कायदा आडवा येत नाही. जुना छाप हे जुना भाव घेण्याचे कारण होऊ शकत नाही. कराचे पैसे व्यापाऱ्याचे कधीच नव्हते. तो सरकारच्या वतीने ते गोळा करणारा केवळ मध्यस्थ होता. सरकारने ते मागणे सोडले, याचा अर्थ ते व्यापाऱ्याला दिले असा होत नाही. ते गिऱ्हाइकाला दिले आहेत.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपोझिशन योजनेत असलेल्या लहान दुकानदाराला खरेदीवरील कराचे क्रेडिट मिळत नाही. त्याचे अठरा रुपये खरोखरीच मालाच्या किमतीत अडकलेले असतात. त्याने जुना साठा संपेपर्यंत जुना भाव घेतला तर त्याला नफेखोर म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्यासाठी कसोटी एवढीच, की नव्या दराने घेतलेला माल त्याने जुन्या भावात मिसळू नये. ज्याचे क्रेडिट शाबूत आहे त्याने मात्र या लहान दुकानदाराच्या अडचणीचा आडोसा घेऊ नये.

कायद्याची एक बाजू येथे विशेष बोलकी आहे. कर कमी झाला तर त्या प्रमाणात किंमत कमी केली पाहिजे, असे वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १७१ सांगते. पण त्याखालील नफेखोरीच्या नव्या तक्रारी घेणे १ एप्रिल २०२५ पासून बंद झाले होते. म्हणजे सप्टेंबरात दर उतरले तेव्हा कर्तव्य पुस्तकात होते आणि त्यासाठी नेमलेले दार बंद होते. अशा वेळी तेरा रुपये परत करणे हे भीतीने होत नाही, व्रतानेच होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त मापणे, हा एक आहे. तराजू आज इलेक्ट्रॉनिक झाला, त्यावर शिक्का असतो, त्यात सहसा कसर निघत नाही. पण भाव हेही मापच आहे. त्यात राहिलेली कसर कोणत्याही काट्यावर दिसत नाही.

वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाम्पूच्या फळीवर नव्या भावाची चिठ्ठी लागली.

तिसरा वाद सर्वांत कडू होता, कारण त्यात वस्तू नव्हती, माणूस होते. दुकानात कॅमेरे आहेत. ते असण्यात गैर काही नाही. रोकड असते, अनोळखी वर्दळ असते, चोऱ्या होतात. गल्ल्यावर आणि दारावर नजर ठेवणे हा मालकाचा अधिकार आहे. एका संध्याकाळी गल्ल्यात दोन हजार रुपये कमी भरले. नातवाने मोबाइलवर दिवसभराचे चित्रण मागे नेऊन पाहिले. दुकानात बावीस वर्षे असलेल्या दिवाणजींनी दुपारी गल्ला उघडला आणि लगेच त्यांचा हात सदऱ्याच्या आतल्या खिशात गेला. नातवाने तेवढा तुकडा कापून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली प्रश्नचिन्ह, बाकी काही नाही. कुणा नातेवाइकाने तो व्यापाऱ्यांच्या गटावर पुढे पाठविला. रात्रीपर्यंत तो पेठभर झाला.

दोन दिवसांनी खतावणीच्या पानांत एक चिठ्ठी सापडली. टेम्पोवाल्याचे भाडे आणि हमाली, रुपये दोन हजार, दिवाणजींच्याच अक्षरात. पैसे त्यांनी गल्ल्यातून काढून बाहेर उभ्या टेम्पोवाल्याला दिले होते. खिशातून त्यांनी काढली होती ती मधुमेहाची गोळी. पण तोवर दिवाणजींनी दुकानात येणे बंद केले होते.

कॅमेरा खोटे बोलला नाही. त्याने हात दाखविला, खिसा दाखविला. चोरी त्याने दाखविली नव्हती. ती पाहणाऱ्याने भरली. सत्याणुव्रताच्या अतिचारांत साकारमन्त्रभेद नावाचा एक अतिचार आहे. दुसऱ्याच्या हावभावांवरून, हालचालींवरून त्याच्या मनातले ताडून ते चारचौघांत उघड करणे, असा त्याचा अर्थ टीकाकार देतात. एकांतातील गोष्ट बाहेर फोडणे हा रहोभ्याख्यान नावाचा अतिचार त्याच यादीत आहे. आणि नसलेला दोष माथी मारणे, म्हणजे अभ्याख्यान, हे तर अठरा पापस्थानांतील तेरावे. ज्यांनी हे भेद केले त्यांच्या काळी कॅमेरा नव्हता. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत काय मिसळते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. केवलींना सर्व दिसते, पण त्या पाहण्यात राग नाही, द्वेष नाही. संसारी माणसाला थोडेच दिसते आणि उरलेले तो आपल्या संशयाने भरून काढतो. यंत्राने पाहणे वाढविले. वीतरागता वाढविणे यंत्राच्या हाती नाही.

हा प्रश्न दुकानाच्या उंबऱ्यापाशी थांबत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. कोलकात्यातील एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात तेथील उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की घराच्या राहत्या भागात सहनिवासींच्या संमतीवाचून कॅमेरे चालविणे हा त्या अधिकाराचा भंग आहे; २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. एकत्र कुटुंबांनी हा निर्णय मनाशी घोळवावा असा आहे. जिन्यात, व्हरांड्यात, समोरच्यांच्या दाराकडे तोंड करून लावलेला कॅमेरा रोज काही घेत असतो. जावेकडे कोण आले, शेजारची मुलगी किती वाजता परतली, कामवाली बाई किती वेळ टेकून बसली. हे कोणी दिलेले नसते.

आजी या सर्व चर्चांत जपमाळ ओढीत बसल्या होत्या. चित्रफितीचा उलगडा झाला त्या संध्याकाळी त्यांनी माळ खाली ठेवली. नातवाला जवळ बोलावून म्हणाल्या, "अरे, वीज घेतलीस ती भरून देता येईल. तेरा रुपये परत करता येतील. त्यांची अब्रू घेतलीस, ती कुठल्या मापानं मोजून देशील?"

तिन्ही वादांचा धागा आजींनी असा एका वाक्यात बांधला. शेजाऱ्यांची वीज, गिऱ्हाइकाची सवलत, नोकराचा मान. तिन्ही वस्तू हाताशी होत्या, कोणी अडविणारे नव्हते, आणि तिन्ही दिलेल्या नव्हत्या. पूर्वीच्या व्यापाऱ्याला मोह पडे तो तराजूच्या दांडीशी. आजचा मोह सॉकेटशी, छापील किमतीशी आणि मोबाइलच्या पडद्याशी उभा आहे. संवत्सरी प्रतिक्रमणात किंवा क्षमावाणीच्या दिवशी खोटे माप, खोटा तोल यांची आलोचना करताना मनाला वाटून जाते, की हे आपल्याकडून कुठे घडते? त्या क्षणी या तीन जागा आठवल्या, तर आलोचना पाठांतराची न राहता स्वतःची होईल.

त्या घरात पुढे एवढेच झाले. वाहनतळापर्यंत स्वतःच्या मीटरची तार आली आणि आधीच्या रात्रींचा हिशेब करून ती रक्कम सोसायटीच्या पावतीवर जमा झाली. दुकानात "येथे कॅमेरा चालू आहे" अशी पाटी लागली, नोकर जेथे डबा खातात तेथील कॅमेरा काढला गेला, आणि चित्रण पाहण्याचा पासवर्ड केवळ दोघा भावांकडे राहिला. ज्या व्यापारी गटावर ती चित्रफीत फिरली होती, त्याच गटावर नातवाने आपल्या नावाने आपली चूक लिहिली आणि क्षमा मागितली. मग वडील, काका आणि तो, तिघे दिवाणजींच्या घरी गेले.

दिवाणजी पाच दिवसांनी आले. कोणाशी फार बोलले नाहीत. गादीवर बसून त्यांनी खतावणी पुढे ओढली, चिठ्ठी मागून घेतली आणि राहिलेले दोन हजार रुपये टेम्पोभाडे व हमालीच्या खाती टाकले.