खेकड्यांच्या माथी खापर

पावसाळा ओसरला की आमच्या धर्मग्रामांतून कोकणच्या सहली निघू लागतात. चिपळूण सोडून कुंभार्ली घाटाची वाट धरली की अलोरे, पोफळी, कोळकेवाडी ही नावे येतात. सह्याद्रीच्या कुशीत कोळकेवाडीचा जलाशय पसरलेला असतो. आम्ही तेथे थांबतो, छायाचित्रे घेतो, डबे सोडतो आणि "काय सुंदर!" असे म्हणून परततो. त्या सौंदर्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्याच पाहण्याबद्दल. हे पाणी आले कोठून, त्याची किंमत कोणी मोजली आणि त्याच्यावर पहारा कोणाचा, हे आम्ही विचारत नाही.

हे पाणी कोयनेचे. घाटमाथ्यावर अडवलेले, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरवलेले. तेथून ते कोळकेवाडीत साठते, पुन्हा वीज देऊन वाशिष्ठीला मिळते आणि अखेर समुद्रात जाते. एकूण 1960 मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प महाराष्ट्राचे भूषण आहे, यात शंका नाही. पण त्यासाठी कोयनाकाठची गावे पाण्याखाली गेली आणि तेथील माणसांना अर्धे शतक उलटल्यावरही पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचे नाव घेतात. आमच्या सहलीच्या गप्पांत ते क्वचितच निघते.

याच वाटेवरच्या अलोरे गावात काही नवी घरे बांधली गेली. ती तिवऱ्याच्या माणसांसाठी. तिवरे हे याच चिपळूण तालुक्यातले गाव. 2000 साली पूर्ण झालेले तेथील मातीचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. भेंदवाडीची घरे माणसांसकट वाहून गेली, वीसएक जीव गेले. जेवणखाण आटोपून निजायच्या बेतात असलेल्या कुटुंबांना दार उघडायलाही अवधी मिळाला नाही. धरणाला गळती लागल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती, काही डागडुजीही झाली होती. तरीही प्रेते नदीकाठी शोधली जात असताना तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी कारण सांगितले ते खेकड्यांचे! खेकड्यांनी धरण पोखरले, म्हणून ते फुटले.

साऱ्या महाराष्ट्राने त्या विधानाची टिंगल केली. आम्हाला मात्र हसू येत नाही. वादासाठी आम्ही ते विधान खरेच धरून चालतो. मातीच्या भरावात प्राणी बिळे करतात, त्या वाटेने पाणी झिरपते, झिरपताना मातीचे कण घेऊन जाते, वाट रुंदावते आणि एके दिवशी भराव आतून ढासळतो. हे शास्त्राला धरूनच आहे. भरावातून थोडे स्वच्छ पाणी पाझरणे नवे नाही. पाझर गढूळ झाला की तो धोक्याचा इशारा असतो. म्हणूनच भरावाच्या आत चिकणमातीचा गाभा घालतात, पाझराला वाट करून देणारे वाळूखडीचे थर ठेवतात, आणि म्हणूनच तपासणी नावाची गोष्ट अस्तित्वात आहे.

आणि खेकडे का कोकणात कालपरवा आले? येथला साधा शेतकरी लावणीआधी खाचराच्या बांधावरून फिरतो, खेकड्यांची बिळे शोधून चिखलाने बुजवतो. दोन गुंठ्यांच्या खाचराला जी राखण लागते, ती लाखो घनमीटर पाणी अडवणाऱ्या भरावाला नको? तेव्हा खेकड्यांची सबब खरी मानली, तर दोष कमी होत नाही, उलट वाढतो. जो धोका बांधावरच्या पोरालाही ठाऊक, तो खात्याला दिसला नाही, असा तिचा अर्थ होतो. एदेन बागेत आदामाने हव्वेकडे आणि हव्वेने सापाकडे बोट दाखवले, तेव्हापासून ही युक्ती चालत आली आहे. प्राण्याला उलट उत्तर देता येत नाही, हीच तिची सोय.

कोणी म्हणेल, झाले गेले, आता धरणेच बांधू नयेत की काय? आमचे म्हणणे तसे नाही. एवढा धो धो पाऊस पडणाऱ्या कोकणात एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्या हंडे घेऊन वणवण फिरतात. लहान धरणे हवीतच. पण बांधण्याचा समारंभ होतो, राखण्याचा होत नाही. कोनशिलेवर उद्घाटकांची नावे कोरलेली असतात. गळती दिसली तर कोणाला कळवायचे, ते कोठेही लिहिलेले नसते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटून अर्धे पुणे बुडाले होते. त्या धड्याला तिवऱ्याच्या वेळी अठ्ठावन्न वर्षे झाली होती.

2021 साली केंद्राने धरण सुरक्षा कायदा केला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्काळाचा आराखडा, धरणमालकाची जबाबदारी, हे सारे त्यात आहे. मात्र तो मुख्यतः पंधरा मीटरांहून उंच धरणांसाठी आहे. दहा ते पंधरा मीटरांमधल्या धरणांना तो अटींवर लागू होतो आणि त्याहून लहान धरणे बाहेरच राहतात. म्हणून आमची मागणी साधी आहे. धरण लहान असो वा मोठे, पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा अहवाल धरणाखालच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत मराठीतून मोठ्याने वाचला जावा. गळतीची तक्रार आली की तिची तारीख आणि त्यावर काय केले, हे धरणावरच्या फलकावर लिहावे. फलकाखाली अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा असावा. एवढे झाले, तर पुढच्या वेळी खेकड्याला साक्षीला बोलवावे लागणार नाही.

आणि वाचकहो, आपणही थोडे करू या. यंदा सहल कोळकेवाडीला गेली, तर परतताना गाडी अलोऱ्यात थांबवावी. छायाचित्रे घेण्यासाठी नव्हे, तर तेथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी चार शब्द बोलण्यासाठी. जलाशयाकाठी मुलांना जेवायला वाढताना पाण्याखालच्या गावांची आणि त्या जुलैच्या रात्रीची गोष्ट सांगावी. पाणी सुंदर असते, ते आम्ही पाहतोच. ते कोणाच्या उशाशी साठवले आहे, हे पाहण्याची सवय आमच्या मुलांना लागली, तर सहल सत्कारणी लागली असे आम्ही समजू.