आधी आवाज ओळखा

‘कॉम्प्युटर फार आवाज करतो’ ही तक्रार घेऊन ग्राहक आला की बहुतेक दुकानांत उत्तर तयार असते : हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका. उत्तर अनेकदा बरोबरही असते. नुसते विंडोज चालवण्यासाठी फिरती डिस्क ठेवण्याचे आता काही कारण उरलेले नाही. पण सीएच्या कार्यालयातला जुना डेटा, छायाचित्रकाराची लग्नांची चित्रीकरणे, सोसायटीच्या सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग, घरीच ध्वनिमुद्रण करणाऱ्या गायकाचे टेक हे सगळे अजून फिरत्या डिस्कवरच राहते, कारण मोठी साठवण त्याच भावात परवडते. तेव्हा डिस्कचा आवाज शोधण्याचे आणि कमी करण्याचे काम आपल्याला पुढची बरीच वर्षे करायचे आहे. मात्र शोधण्याचा भाग आपल्या धंद्यातून मागे पडत चालला आहे, आणि याची आम्हाला मनापासून काळजी वाटते. आवाज हे दुखण्याचे लक्षण असू शकते. ते न वाचताच दाबले तर ग्राहकाचा डेटा जाऊ शकतो.

पहिला प्रश्न, आवाज डिस्कचाच आहे का? मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणून तिची गुणगुण १२० हर्ट्झच्या आसपास असते. ५४०० फेऱ्यांची असेल तर ९० हर्ट्झ. सात पात्यांचा पंखा १२०० फेऱ्यांनी फिरत असेल तर पात्यांचा सूर १४० हर्ट्झला येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून टेबलाखाली कॅबिनेटला खेटून ठेवलेल्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर घुमतो. हे चारही सूर एकमेकांच्या इतके जवळ आहेत की नुसत्या कानाला फसायला वेळ लागत नाही. मोबाइलवरचे वर्णपट दाखवणारे कोणतेही साधे ॲप या सुरांची उभी रेघ दाखवते, आणि ती रेघ नेमकी १२० वर असेल तर निम्मा वाद तिथेच मिटतो. गुणगुण दर काही सेकंदांनी फुगत आणि ओसरत असेल तर कॅबिनेटमध्ये दोन डिस्क आहेत असे समजा. दोघींच्या वेगात मिनिटाला सहाच फेऱ्यांचा फरक असला तरी दहा सेकंदांची लाट तयार होते. ग्राहक या लाटेला ‘मधूनच येणारा आवाज’ म्हणतो.

खात्रीचा उपाय मात्र एकच : संशयिताला गप्प करून पाहणे. मशीन बंद करा, डिस्कची वीजजोडणी काढा, पुन्हा सुरू करून बायोसच्या पडद्यापर्यंत जाऊ द्या आणि ऐका. विंडोज एसएसडीवर असेल तर डेटाची डिस्क स्टँडबायला पाठवता येते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून एचडीपार्मचा आदेश दिला की काही सेकंदांत तिचा सूर खाली उतरत विझतो. तो विझताना गुणगुणही गेली तर गुन्हेगार सापडला. नाही गेली, तर एसएमपीएसच्या पंख्याकडे वळा. धूळ बसून बेअरिंग सुकलेला तो पंखा ‘हार्ड डिस्क वाजते’ या तक्रारीमागे फार वेळा असतो, आणि त्यापायी चांगली डिस्क बदलली जाते.

डिस्कच दोषी ठरली तर ती कशी वाजते, ते नीट ऐका. संथ गुणगुण म्हणजे फिरणाऱ्या तबकड्यांचा किंचित असमतोल. ते दुखणे नव्हे. वाचताना-लिहिताना येणारी करकर म्हणजे हेडच्या भुजेची धावपळ, तीही नैसर्गिक. २००१च्या सुमारास द्रव बेअरिंगच्या डिस्क बाजारात रुळू लागल्या आणि जुन्या बॉल बेअरिंगची वयाबरोबर वाढणारी तीक्ष्ण शिट्टी जवळजवळ संपली. म्हणूनच आजच्या डिस्कमधून शिट्टी, घासल्याचा आवाज किंवा ठरावीक तालात ‘टक्, टक्’ ऐकू आली, तर हातातला पेचकस खाली ठेवा. आधी वीज तपासा, कारण १२ व्होल्टची लाइन बसलेली असेल किंवा सैल कन्व्हर्टर केबल असेल तरीही हेड असेच ठोके देते. वीज ठीक असेल आणि डिस्क दिसत असेल तर दुसरे काहीही करण्याआधी डेटाची प्रत घ्या. डिस्क दिसतच नसेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा तर कुणीच करू नये. दमट हवेत बाहेर काढलेल्या डिस्कवर पाणी धरते आणि उरलीसुरली आशाही जाते.

‘स्मार्टमध्ये सगळे हिरवे आहे’ यावर विसंबू नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांत स्मार्टच्या चार सर्वांत बोलक्या नोंदींपैकी एकही हललेली नव्हती. उलट पहिली स्कॅन-त्रुटी आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता ३९ पटींनी जास्त निघाली. नोंद हलली तर तिच्यावर विश्वास ठेवा. नाही हलली तर कानाने दिलेली शंका रद्द करू नका.

आता निरोगी डिस्कच्या गुणगुणीकडे येऊ. इथे आपल्या कामातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. मोठी गुणगुण डिस्कमधून थेट हवेत येत नाही. सुमारे सातशे ग्रॅमची डिस्क पातळ पत्र्याला चार स्क्रूंनी घट्ट आवळलेली असते आणि तंबोऱ्याच्या तारेला भोपळा जे करतो, तेच तिच्यासाठी कॅबिनेट करते. खातरी करायची तर मशीन बंद करून डिस्क पिंजऱ्यातून काढा, लांब केबलने जोडा, घट्ट स्पंजच्या तुकड्यावर ठेवा आणि मग सुरू करा. फिरती डिस्क हातात उचलू नका. बहुतेक वेळा गुणगुण एकदम इतकी कमी होते की शेजारी उभा असलेला ग्राहकही चकित होतो. मग उपचार कॅबिनेटच्या जोडणीवर करायचा, हे आपोआप कळते.

रबरी वॉशर लावणे हा तो उपचार, पण कोणतेही रबर चालत नाही. डिस्क आणि रबर यांच्या जोडीची स्वतःची एक डोलण्याची वारंवारता असते. ती साधारण ८५ हर्ट्झच्या वर गेली तर १२० हर्ट्झचे कंपन कमी होण्याऐवजी वाढते. तीच ४० हर्ट्झवर आणली तर जेमतेम आठवा हिस्सा कंपन पत्र्यापर्यंत पोहोचते. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. रबर मऊ हवे, आणि स्क्रू ते चेपून दगड होईपर्यंत आवळायचे नाहीत. चांगल्या कॅबिनेटमध्ये कंपनीने दिलेले ग्रोमेट करकचून आवळून निकामी केलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. ग्रोमेटसाठी लागणारा लांब खांद्याचा स्क्रू वेगळा येतो. तो हरवला म्हणून दुसरा लांब स्क्रू थेट डिस्कमध्ये घुसवू नका, आतला भाग दुखावतो. जागा असेल तर जाड इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर डिस्क टांगणे सर्वांत परिणामकारक ठरते. मात्र असे मशीन हलवायचे असेल तर आधी डिस्क उतरवायलाच हवी, आणि हे ग्राहकाला लिहून द्यायला हवे.

आवाज ग्राहकाच्या खुर्चीत बसून ऐका. १२० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २.९ मीटर, म्हणजे साडेनऊ फूट भरते. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या, फरशीच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत हा सूर काही जागी दाटतो आणि काही जागी नाहीसा होतो. कॅबिनेटपाशी वाकलेल्या तंत्रज्ञाला जो आवाज ऐकू येत नाही, तो भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला दिवसभर छळत असतो. डेसिबल मीटरही इथे दगा देतो, कारण नेहमीच्या ‘ए’ मापनात १२५ हर्ट्झला १६ डेसिबल वजा होतात. आकडा लहान आला म्हणून ग्राहकाला खोटे पाडू नका.

फोमच्या पेटीत डिस्क बंद करण्याचा सल्ला थंड देशांतून आला आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीचे तापमानच चाळिशी ओलांडते आणि बहुतेक डिस्कांची वरची मर्यादा ६० अंशांची असते. तिथे ही पेटी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्पंज वापरलाच तर खालचा सर्किट बोर्ड मोकळा ठेवा. हवा भरलेल्या डिस्कवर श्वासाचे बारीक छिद्र असते, ते कधीही झाकू नका.

करकर कमी करण्याची सोय जुन्या डिस्कांत होती : ध्वनी-नियंत्रणाचे मूल्य २५४ वरून १२८ वर आणले की भुजा सावकाश धावायची. नव्या डिस्कांतून ती सोय गेली. मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क निवांत असतानाही दर पाच सेकंदांनी बारीक ठोका देतात. ते झीज टाळण्याचे त्यांचे काम आहे, बिघाड नव्हे. ग्राहकाला हे आधी सांगितले तर वॉरंटीची एक फेरी वाचते.

आणि कंपन डिस्कलाही सोसत नाही. २००८च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कच्या रॅकसमोर ओरडून वाचन-लेखनाचा विलंब किती वाढतो, ते पडद्यावर दाखवले. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमधल्या आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी चालू असताना वायू सुटण्याच्या प्रचंड आवाजानेच डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा काही तास बंद पडल्या. कॅबिनेटवर ठेवलेला स्पीकर किंवा खडखडणारा पंखा इतका घातक नसेल, पण तो डिस्कपासून दूर करण्यात आपले काहीच जात नाही.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या जॉबकार्डावर ‘आवाज’ असा एक रकाना छापून घ्या. मशीन आत घेताना डिस्क कशी वाजते ते दोन शब्दांत लिहा, मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण ठेवा, आणि तीच डिस्क पुढच्या वर्षी आली की दोन्ही ताडून पाहा. आवाज बदललेला असेल, तर ग्राहकाला त्याच दिवशी डेटाची प्रत घ्यायला सांगा.