गच्चीवरचा अँटेना आणि आपली डिग्री

हाफ वेव्ह डायपोलचा रेडिएशन रेझिस्टन्स किती? ७३ ओहम. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, उत्तर मिळेल. आता दुसरा प्रश्न. आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या हाताने एक तरी अँटेना बनवलाय? आता कशी सगळ्यांची मान खाली गेली!

मित्रांनो, माझं म्हणणं साधं आहे. एकदा तरी घरच्या गच्चीवर विमानांचे सिग्नल पकडणारा अँटेना बनवून बघितल्याशिवाय आपण हा विषय शिकलो असं म्हणू नये. आणि तो बनवावा, विकत आणू नये. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा इंग्रजी शब्द सांभाळून घ्या. पोलरायझेशनला 'ध्रुवीकरण' हा शब्द सापडला, पण तो वाचला की मला निवडणुकाच आठवतात!)

विमानंच का? कारण ती आपल्याला फुकट मिळालेली लॅबोरेटरी आहे. डोंबिवलीपासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत तीसेक किलोमीटरच्या आत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं उडू लागली, तोही दक्षिणेला तेवढ्याच अंतरावर. म्हणजे ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसाच्या डोक्यावर चोवीस तास ट्रान्समीटर फिरताहेत. प्रत्येक विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, उंची आणि जागा सांगत असतं. जागा तर सेकंदाला साधारण दोनदा. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात, आणि त्यातला 'बी' म्हणजेच ब्रॉडकास्ट. पायलट आणि कंट्रोलर बोलतात ते वेगळं, ते ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये.

आता गणित करू. ३०० भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे मीटरमध्ये वेव्हलेंग्थ, हे बारावीतलंच. १०९० ला ती साडेसत्तावीस सेंटिमीटर येते, तिचा पाव भाग जेमतेम ६.९ सेंटिमीटर. म्हणजे करंगळीपेक्षा थोडी लांब तांब्याची तार, खाली कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन किंवा चार तिरक्या तारा, झाला अँटेना! बोलण्याच्या बँडसाठी हाच हिशोब केला तर उभी सळी ५९ सेंटिमीटरच्या आसपास जाते. चार तारा ४५ अंशांत खाली का वाकवायच्या? आडव्या ठेवल्या तर इंपीडन्स ३६ ओहमच्या आसपास येतो, वाकवल्या की ५० च्या जवळ जातो. पुस्तकात ही एक ओळ आहे. पक्कड हातात घेतली की ती कायमची लक्षात राहते.

बाजारातला तयार अँटेना घेणाऱ्यांना वाटतं, जितके जास्त डीबी तितका माल चांगला. पण अँटेना काही पॉवर तयार करत नाही. जास्त गेन म्हणजे डोक्यावरचं ऐकणं कमी करून क्षितिजाकडे जास्त कान देणं. समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्याला ते उपयोगी पडेल. आपल्याकडे उतरणारी विमानं जवळून आणि बरीच वरून जातात, त्यांच्यासाठी साधी पाव लांबीची तार पुष्कळ झाली. खरा गेन उंचीत आहे. पंचवीस मीटर उंच गच्चीवरून दहा हजार मीटरवरचं विमान सूत्राप्रमाणे ४३० किलोमीटरपर्यंत 'दिसतं', म्हणजे डोंबिवलीत बसून गोव्यावरचं! तेच विमान हजार मीटरवर उतरलं की हद्द १५० किलोमीटर. आणि सूत्राला डोंगर माहीत नसतात. घोडबंदर रोडवर पश्चिमेला येऊरचे डोंगर आडवे, मुंब्रा-कळव्याला पारसिकचा. कुठून विमान गायब होतं हे नकाशावर मांडलं की आपल्याच तालुक्याचा भूगोल सिग्नलमधून उमटतो. हे उत्तर कुठल्याही गाईडमध्ये छापलेलं नाही, कारण ते प्रत्येकाच्या गच्चीप्रमाणे बदलतं.

केबलचंही तसंच. ५० ओहमचीच केबल हवी म्हणून पुष्कळ जण बारीक आरजी-५८ आणतात. दहा मीटरमध्ये १०९० वर तिच्यातून चौथा हिस्सा सिग्नलही पोचत नाही. केबलवाल्याची ७५ ओहमची आरजी-६ वापरली तर मिसमॅचमध्ये जातात फक्त चार टक्के, आणि निम्म्याहून जास्त सिग्नल खाली येतो. व्हायव्हात 'मॅचिंग महत्त्वाचं' म्हणून मान डोलावणाऱ्यांनी हा हिशोब स्वतः करून बघावा. शिवाय आपल्याकडे चार महिने पाऊस. कनेक्टरला एम-सील नीट लावलं नाही तर जुलैपर्यंत केबलमध्ये पाणी. बरं, शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर असतोच. त्याचा ९०० मेगाहर्ट्झचा दणका रिसीव्हरला बहिरं करतो, म्हणून फिल्टर लागतो. विजा चमकायला लागल्या की केबल काढून ठेवायची. हे सगळं आपल्या सिलॅबसमध्ये कुठे आहे?

आणि एक गंमत. एएमपेक्षा एफएम चांगलं, हे आपण पहिल्या वर्षापासून पाठ म्हणतो. मग विमानं आजही एएमवर का बोलतात? त्याचं एक मोठं कारण असं, की एफएममध्ये जोरदार सिग्नल दुबळ्याला पूर्ण गिळतो. एएममध्ये दोघे एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि कंट्रोलरला कळतं की आणखी कोणीतरी बोलत होतं. जिथे माणसांचे जीव आहेत तिथे 'चांगलं' याचा अर्थ बदलतो. इंजिनिअरिंग म्हणजे हेच ना?

माझे बाबा सांगतात, ऐंशीच्या दशकात डोंबिवलीतल्या प्रत्येक चाळीवर यागी अँटेना असायचा. वरळीच्या दूरदर्शन टॉवरच्या दिशेने तो फिरवायला एक जण कौलांवर, एक जण खिडकीत, आणि "आलं का?" "आलं! आलं! गेलं!" असा ओरडा. त्या मंडळींनी मॅक्सवेलची समीकरणं बघितली नव्हती, पण दिशा, उंची आणि गंजलेला जोड यांचं ज्ञान त्यांच्या हातात होतं. आपल्याकडे समीकरणं आहेत, हात नाहीत. (त्या यागीने विमानं पकडायला जाऊ नका हं! तो एकाच दिशेला बघतो आणि आडवा असतो. विमानांचे सिग्नल उभ्या पोलरायझेशनचे, म्हणून आपली सळी उभी.)

आता कडू गोष्ट. आज प्रोजेक्ट दुकानात मिळतो. बॉक्स, सर्किट, रिपोर्ट, वर व्हायव्हाची प्रश्नोत्तरं. पैसे टाकले की काळ्या बाइंडिंगमध्ये डिग्री हातात! मी कोणाला नावं ठेवत नाही. लोकलमध्ये रोज दोन-अडीच तास लोंबकळून आलेल्या मुलाला सोपा रस्ता दिसला तर तो जाणारच. पण टेलिव्हिजनसाठी बनलेल्या स्वस्त डोंगलमधली चिप जवळजवळ कुठलीही फ्रिक्वेन्सी ऐकू शकते हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांनीच उजेडात आणलं. फ्लाइटरडार २४ ही २००६ मध्ये स्वीडनमधल्या दोन हौशी माणसांच्या छंदातून उभी राहिली आणि आजही जगभरच्या गच्च्यांवरच्या अँटेनांवर चालते. त्यांनी काही प्रोजेक्ट विकत आणला नव्हता.

"पण हे कायदेशीर आहे का?" हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून लेख संपवणं बरोबर नाही. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्याने रेडिओ उपकरण नुसतं जवळ बाळगायलाही परवाना घातला, आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही परवानगीचं तत्त्व कायम आहे. पायलट-कंट्रोलरचं बोलणं आपल्यासाठी नसतं. ते चोरून ऐकणं, रेकॉर्ड करून मित्रांना पाठवणं यात काही मर्दुमकी नाही. म्हणून मी म्हणतो, हे काम एकट्याने लपूनछपून नको, कॉलेजने करावं. विभागाने रीतसर लेखी परवानगी मागावी, फक्त १०९० चा डेटा घ्यावा, आवाजाच्या वाटेला जाऊ नये. हॅम रेडिओची परीक्षा तर बारा वर्षांच्या मुलालाही देता येते, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही लागत नाही. आपण वीस वर्षांचे घोडे मागे का?

सोसायट्यांच्या सेक्रेटरींनाही एक नम्र विनंती. गच्चीची किल्ली मागितली की "लीकेज होईल" हे उत्तर ठरलेलं. भाडं देणाऱ्या मोबाइल टॉवरच्या वजनाने लीकेज होत नाही, आणि सात सेंटिमीटरच्या तारेने होतं? खिडकीतही अँटेना लागतो म्हणा, पण मग अर्धं आकाश काँक्रीट खातं.

आमच्या विभागाकडे माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या वर्षी अँटेनाच्या टर्मवर्कमधली एक असाइनमेंट कमी करा. त्याऐवजी प्रत्येक गटाला एक मीटर तांब्याची तार, एक कनेक्टर आणि एक रिकामा कॅन द्या, आणि परवानगी हातात आली की कॉलेजच्या गच्चीचं दार उघडा. ज्या गटाला सगळ्यात लांबचं विमान मिळेल त्याला पैकीच्या पैकी मार्क. ज्याला एकही मिळणार नाही त्याने का मिळालं नाही ते लिहावं. खरं सांगायचं तर जास्त तोच शिकलेला असेल.