जकातीआधी मजुरी

रमजानचा दुसरा अशरा सरत आला की मालेगाव-भिवंडीत जकातीचे हिशेब सुरू होतात. शेकड्याला अडीच रुपये, पैसुद्धा चुकत नाही. याद्या निघतात आणि त्या याद्यांत बरेचदा आपल्याच मागावर राबणाऱ्या कामगाराचे नाव असते. ज्याच्या जादा तासांचे पैसे वर्षानुवर्षे दिले नाहीत, त्यालाच जकात! मजुरी हे मालकाच्या डोक्यावरचे कर्ज आहे. ते जकातीत वळते करता येत नाही, हे कोणताही मौलवी सांगेल. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही हदीस सर्वांना पाठ आहे. काम पुरते करून घेऊन मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, ही दुसरी हदीस मात्र कारखानदारांच्या इफ्तारमध्ये फारशी ऐकू येत नाही.

दुनियेचा कायदाही वेगळे बोलत नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांपुढच्या कामाला दुप्पट दर ठरवला, तोही मीटरवर मजुरी घेणाऱ्यासकट. कोरोनाच्या काळात गुजरात सरकारने ही दुप्पट मजुरी अधिसूचना काढून थांबवली. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि मधल्या काळातला ओव्हरटाइम कामगारांना द्यायला लावला.

मग यंत्रमागावर 12 तासांची पाळी अजून का चालते? माग छोट्या छोट्या शेडमध्ये वाटलेले, त्यामुळे बरेच जण कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. हजेरीपुस्तक नाही, पगाराची पावती नाही. तागे मोजायचे आणि आठवड्याला रोख. वर उचल घेतलेली. तोंड उघडले की आधी उचल परत मागतात.

तरीही बुडालेल्या मजुरीचा दावा आता पूर्वीपेक्षा सोपा आहे. जुन्या 1936 च्या कायद्यात 12 महिन्यांची मुदत होती. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती 3 वर्षे आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. कामगाराला आपण तिथे राबत होतो एवढे तरी दाखवावे लागेल. त्यासाठी दहा रुपयांची वही पुरते: तारीख, पाळी, तागे, मिळालेली रक्कम. शुक्रवारी माग बंद असतात, सरकारी कचेऱ्या मात्र उघड्या असतात.