हाताजोगा बट्टा

घरांत एखादें वाद्य शिकण्यास प्रारंभ झाला, म्हणजे त्याचा पहिला उपसर्ग शेजाऱ्यांस होतो व दुसरा घरांतील वडील मंडळींस, असें आपण थट्टेनें म्हणतों. परंतु कधीं कधीं तो उपसर्ग शिकणाऱ्या मुलासच अधिक होत असतो, आणि वडिलांच्या तें गांवींही नसतें. आमच्या ध्यानांत तें कसें आलें, एवढीच हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाची आहे.

आमचे धाकटे काका रेल्वेच्या नोकरींत नागपुराहून कलकत्त्यास बदलून गेले होते. तेथून परततांना त्यांनीं हवाईयन गिटार आणली. कलकत्त्यास या वाद्याची आवड रुजण्यास कारणही तसेंच होतें. हवाई बेटांतील प्रसिद्ध वादक टाउ मो हे १९४० नंतरचीं कांहीं वर्षें सहकुटुंब त्या शहरीं राहिले होते. ही गिटार मांडीवर आडवी ठेवितात. तारा बोटांनीं दाबावयाच्या नाहींत. पोलादाचा एक गुळगुळीत दांडा डाव्या हातीं धरून तो तारांवर टेकवावयाचा व सरकवावयाचा. यालाच वादक 'बार' म्हणतात. जयपूरच्या पंडित विश्वमोहन भट्ट यांस १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें, त्यांची मोहनवीणा हें याच गिटारीचें आपल्या संगीतास अनुरूप केलेलें रूप होय.

काका गेल्यावर ती पेटी शेंदूरजनाघाटच्या आमच्या घरीं माळ्यावर पडून होती. आमच्या अकरा वर्षांच्या नातीनें ती खालीं काढविली, नव्या तारा चढवून घेतल्या, आणि अमरावतीच्या एका गुरुजींपाशीं मोबाईलवरून शिकण्यास आरंभ केला. सहा महिने झाले, तरी वादनांत गोडी येईना. मींड ठरल्या जागीं थांबत नसे, पुढें घसरे. बारामागील तारा झणझणत राहत. गुरुजी म्हणत, मनगट सैल सोड. आम्हीं ठरविलें, अभ्यास कमी पडतो. गणेशोत्सवांत चार पाहुणे बसले असतां आम्हीं बोलून गेलों, "काकांच्या हातीं हेंच वाद्य गात असे. दोष वाद्याचा नव्हे, हाताचा आहे." पोर कांहीं बोलली नाहीं. त्या रात्रीं पेटी पुनः माळ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या मंडळीनें चहा पुढें ठेवीत विचारलें, "अहो, सासूबाईंचा वरवंटा त्या पोरीच्या हातीं देऊन चटणी वाटावयास सांगाल का? मी या घरांत आलें, तेव्हां मलाही तो पेलत नव्हता. सासूबाईंनीं बोल लाविला नाहीं; बाजारांतून लहान वरवंटा आणविला."

जन्मभर मुलांस शब्दांची व्युत्पत्ति सांगत आलों, पण ही गोष्ट सुचली नव्हती! हिंदींत वरवंट्यास बट्टा म्हणतात. आणि विचित्र वीणेच्या तारांवर जो कांचेचा गोळा फिरवितात, त्याचेंही नांव बट्टाच. तो सहज सरकावा म्हणून तारांस खोबरेल तेल लावितात. ही कल्पना आपणांस परकी नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त एकतंत्री वीणेचें वर्णन केलें आहे. तिच्या तारेवर फिरविण्याच्या वेळूच्या तुकड्यास तो 'कम्रिका' म्हणतो. पुढें तंजावर प्रांतीं गोट्टुवाद्य नांवारूपास आणणाऱ्यांत तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव हे मराठी कुळांतील वादक अग्रेसर होते. थोर गायक सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर हे त्यांचे शिष्य. त्या वाद्यावर आबनुसासारख्या जड लांकडाचा दांडा चालतो. वेळू, लांकूड, कांच, पोलाद, असे पदार्थ बदलत गेले; पण दांडा तारेस व हातास मानवला पाहिजे, ही अट कोठेंही सुटली नाहीं.

मग आम्हीं काकांचा बार स्वयंपाकघरांतील काट्यावर घातला. एक इंच जाड, जवळजवळ साडेतीन इंच लांब. भरला सुमारें ३४० ग्रॅम. पाऊण इंच जाडीचा व तीन इंच लांबीचा पोलादी बार सुमारें १७० ग्रॅम भरतो, म्हणजे नेमका निम्मा. जाडीचा फरक पाव इंचाचाच दिसतो. परंतु वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हें गणित आम्हीं किती मुलांकडून घोकून घेतलें असेल! काकांचा पंजा रुंद होता. पोरीच्या हातांत तोच बार आपल्याच वेगानें पुढें ओढला जाई, आणि मींड घसरे ती यामुळेंच.

ज्यांच्या घरीं हें वाद्य आहे त्यांच्या उपयोगासाठीं, गुरुजींस विचारून व स्वतः पाहून जें समजलें तें सांगतों. प्रथम लांबी पाहावी. बारानें सर्व तारा झांकून दोन्ही अंगांस थोडेंच उरावें. सहा तारांचा पसारा दोन-सव्वादोन इंचांचा असतो. त्यास पावणेतीन ते तीन इंच पुरे. आठ-दहा तारांच्या वाद्यास अधिक लांब व जाड बार लागतो.

नंतर वजन. बार फार हलका असला, तर वाजविणारा तो दाबूं लागतो. तार ताणली जाऊन स्वर चढतो, आणि खालच्या पडद्यांवर खडखडते. फार जड असला, तर मनगट आखडतें व एका तारेवरून दुसरीवर चटकन् जातां येत नाहीं. परीक्षा सोपी आहे: बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बार नुसता टेकवावा, बोटांनीं सांभाळावा पण दाबूं नये, आणि तार छेडावी. त्याच्या स्वतःच्या भारानें स्वर स्वच्छ निघाला, तर वजन पुरेसें आहे. त्याहून अधिक भार मुलाच्या हातावर कशास घालावा?

तिसरी गोष्ट, अनामिका व करंगळी. बार धरला असतां हीं दोन बोटें त्याच्या मागें तारांवर हलकेच टेकलीं पाहिजेत. त्यांनींच मागील झणझण थांबते. जाड बाराभोंवतीं आमच्या नातीचीं बोटें तारांपर्यंत पोंचतच नव्हतीं. ज्यांचा हात लहान आहे त्यांस गोल बार निसटूं लागल्यास, बाजूस खांचा असलेला बार बरा. त्यांत अंगठा व मधलें बोट नीट बसतें. शेवटीं नख फिरवून पाहावें. ओरखडा लागला, तर तो बार तारेवर खरखरणार.

आमच्या गांवीं संत्र्याच्या रोपवाटिका पुष्कळ. जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा झाल्यावांचून जाणता माळी त्यावर डोळा बांधीत नाहीं. आणि कलम धरलें नाहीं, तर खुंटास रागें भरत नाहीं. आम्ही मात्र मुलांस रागें भरतों.

नवा बार टपालानें मागविला. तो आला त्या दिवशीं माळ्यावरील पेटी आम्हीं स्वतः खालीं उतरविली, आणि रात्रीं पंगतींत सर्वांदेखत सांगितलें कीं, दोष हिच्या हाताचा नव्हता, आमच्या समजुतीचा होता. चारचौघांत बोललेला शब्द चारचौघांतच परत घ्यावा लागतो. ती मान खालीं घालून जेवत राहिली. पण जेवणें आटोपल्यावर माजघरांतून स्वर येऊं लागले.

अजून पंचम कधीं कधीं चढा लागतो. आतां आम्ही एकदम बोलत नाहीं. आधीं तिचें मनगट पाहतों. काकांचा बार पेटींतच ठेविला आहे. पुढें तिच्या हातास तो मानवला तर ती घेईल. न मानवला, तर त्याचें दुःख काकांस व्हावयाचें नाहीं.