लहान नळीची रायफल: जुनी कीं नवी?

आपल्या लोकांत दोन पंथ फार दिवसांपासून चालत आलेले आहेत. एकाचें ब्रीद ‘जुनें तें सोनें’ व दुसऱ्याचें ‘नवें तें हवें’. नेमबाजीच्या मैदानावरहि हे दोन्ही पंथ समोरासमोर उभे दिसतात. एक म्हणतो, पूर्वीच्या कारागिरांनीं घडविलेल्या पोलादाची सर आजच्या मालाला येणार नाहीं. दुसरा म्हणतो, नवी परदेशी रायफल हातीं आल्यावांचून पदकाची गोष्टच बोलूं नये. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनीं ५० मीटर रायफलीच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. असें यश पाहून मुलांच्या मनांत या खेळाची आवड उत्पन्न व्हावी हें साहजिक आहे, आणि तिच्यामागोमाग ‘कोणती रायफल घ्यावी?’ हा प्रश्न पालकांपुढें येऊन ठेपतो. माझ्या मतें त्याचें उत्तर असें कीं, रायफलीचें वय विचारण्यापूर्वीं ती मुलाच्या अंगाला बसते कीं नाहीं हें पाहावें, आणि वांचलेला पैसा काडतुसांवर खर्च करावा. हें मत कशावरून बनलें तें पुढें सांगतों.

प्रथम दोहोंत समान काय आहे तें पाहूं. ही रायफल पॉइंट टू-टू बोअरची असते. म्हणजे तिच्या नळीचा व्यास सुमारें ५.६ मिलिमीटर. बोल्ट मागें ओढून एक काडतूस घालावें, बोल्ट पुढें लोटून त्याची मूठ खालीं दाबावी, म्हणजे नळीचें मागील तोंड घट्ट बंद होतें. हें काडतूस १८८७ सालीं अमेरिकेंत निघालें आणि ५० मीटर रायफलीच्या स्पर्धांत आजहि तेंच चालतें. गोळी शिशाची, वजनानें सुमारें २.६ ग्रॅम, वेग सेकंदास सुमारें ३३० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाहून थोडा कमी. नळींतील ज्या पेचदार खांचा गोळीला भोंवऱ्यासारखी फिरवितात, त्या १९२० सालच्या चांगल्या रायफलींत सुमारें १६ इंचांत एक फेरा घेत. आजच्या रायफलींतहि जवळजवळ तसेंच आहे. गोळी तीच, वेग तोच, फेरा तोच. तेव्हां नव्या नळींत कांहीं जादू आहे असें समजणें व्यर्थ होय.

जुन्या रायफलींतहि दोन जाती आहेत, व त्यांची गल्लत होतां कामा नये. एक जात शिपायाच्या शिक्षणाची. एन. सी. सी. ची स्थापना १९४८ सालीं झाली. तिच्या विद्यार्थ्यांनीं २५ यार्डांच्या चांदमारीवर जी जड रायफल वर्षानुवर्षें वापरली, ती मूळच्या ली-एनफील्ड या लष्करी रायफलीच्या सांगाड्यांत लहान नळी बसवून केलेली. तिचा चाप ओढण्यास पांच-सहा पौंडांचा जोर लागतो, कारण धांवत्या शिपायाच्या हातून ती चुकून सुटूं नये हें पाहणें आवश्यक होतें. दुसरी जात मुळांतच नेमबाजीसाठीं जन्मलेली. अमेरिकेंतील विंचेस्टर ५२ ही १९१९-२० च्या सुमारास निघाली व सुमारें साठ वर्षें बनत राहिली. जर्मनींतील उल्म येथील आन्शुट्झ कारखान्यानें १९५४ सालीं मॅच ५४ ही बांधणी काढली. आणि गंमत अशी कीं, आज ‘नवी’ म्हणून कांहीं लाख रुपयांस मिळणाऱ्या त्या कारखान्याच्या उत्तम रायफलींत बोल्टाची मूळ रचना तीच आहे. म्हणजे आपण जिला नवी म्हणतों तिचें हृदय सत्तर वर्षांचें आहे!

असें असलें तरी नव्या रायफलीचे तीन गुण प्रामाणिकपणें मान्य केले पाहिजेत. पहिला, चाप सुटल्यापासून आंतील सुई काडतुसाच्या कडेवर आदळेपर्यंतचा वेळ. लष्करी रायफलींत हे भाग लांब व जड, म्हणून तो वेळहि अधिक. तेवढ्या अवधींत हात हालला तर नेमहि हालतो. विंचेस्टरनें १९२९ सालींच ही गति वाढविली, व पुढील कारखान्यांनीं ती आणखी वाढविली. दुसरा गुण चापाचा. आजच्या स्पर्धेच्या रायफलीचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबानेंहि सुटतो, व तो दाब कमीजास्त करितां येतो. तिसरा, आणि सर्वांत मोठा गुण दस्त्याचा. जुना दस्ता एका लांकडाचा व एकाच मापाचा. ज्याला बसेल त्याला बसेल. नव्या ॲल्युमिनियमच्या दस्त्यांत गालाखालचा भाग, खांद्याशीं टेकणारा भाग व हाताची मूठ हीं सर्व पुढेंमागें, वरखालीं सरकवितां येतात. शिवाय लांकूड कोंकणासारख्या ठिकाणीं पावसाळ्यांत ओल पितें, फुगतें, आणि नळीवर दाब आला कीं नेम सरकतो. धातूला ही व्याधि नाहीं.

परंतु या तीन गुणांपैकीं एकहि गुण अस्थिर श्वासाला स्थिर करीत नाहीं. ५० मीटरच्या निशाणावरील दहाचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. गोळी मंद असल्यामुळें काडतूस पेटल्यावरहि ती निमिषभर नळींतच असते. त्या निमिषांत ज्यानें डोकें उचललें त्याची गोळी लाखाच्या रायफलींतूनहि भलतीकडे जाईल. उलटपक्षीं, १९७२ सालच्या म्यूनिक ऑलिंपिकमध्यें उत्तर कोरियाच्या ली हो-जून यांनीं पडून नेम धरण्याच्या स्पर्धेंत ६०० पैकीं ५९९ गुण मिळविले. दहाचें वर्तुळ त्या वेळीं आजच्यापेक्षां थोडें मोठें होतें हें खरें. तथापि साठ गोळ्यांत एकच गुण गमावला! ज्या काळच्या रायफलीनें हें साधलें, त्या काळची रायफल शाळेंतील मुलाला अपुरी पडेल काय?

दुसरें असें कीं, प्रत्येक नळीला काडतुसांची एखादी विशिष्ट खेप मानवते. मोठे नेमबाज रायफल पकडींत घट्ट आवळून निरनिराळ्या खेपांचीं काडतुसें झाडून पाहतात, व जिच्या गोळ्यांचीं छिद्रें सर्वांत जवळजवळ पडतील ती खेप निवडतात. मानवणारीं काडतुसें मिळालेली जुनी रायफल, न मानवणारीं काडतुसें घातलेल्या नव्या रायफलीला मागें टाकूं शकते.

याचा अर्थ जुनी दिसली कीं घ्यावी असा मात्र नव्हे. १९२० च्या दशकाअखेरपर्यंतच्या काडतुसांतील पेटत्या मसाल्यानें नळींत क्षार राही, तो हवेंतील ओल ओढी, आणि वेळीं साफ न केल्यास गंज चढे. अशी नळी आंतून खवलेली निघाली तर तिला दुरूनच नमस्कार करावा. लहान नळी गोळ्यांनीं झिजण्यास हजारों गोळ्या लागतात. पण वांकडा गज तोंडाकडून खुपसून सफाई करणारा एक निष्काळजी हात ती लवकर बिघडवितो.

जुन्या रायफलीवर माझा खरा आक्षेप निराळाच आहे. प्रौढ शिपायाच्या मापाचा दस्ता तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला लावला म्हणजे तिला मान ताणावी लागते. डावखुऱ्या मुलाला बोल्ट ओढण्यासाठीं हात पलीकडे न्यावा लागतो. मग नेम चुकला कीं ‘तुझ्यानें होणार नाहीं’ असें त्यांस सांगण्यांत येतें. हा अन्याय आहे. त्या मुलांचा डोळा वाईट नसतो, रायफलीचें माप चुकीचें असतें. सरकारी रायफलीला हात लावतां येत नाहीं. परंतु क्लबाच्या जुन्या रायफलीचा दस्ता जाणत्या कारागिराकडून इंचभर आंखूड करून घेणें, गालाखालीं पट्टी बसविणें, हें अल्प खर्चाचें काम आहे.

अंजली भागवत यांनीं मुंबईच्या कीर्ति महाविद्यालयांत एन. सी. सी. मध्यें असतां बंदूक हातीं धरली, व २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्यें त्या एअर रायफलीच्या अंतिम फेरींत पोंचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें ५० मीटरच्या पडून नेम धरण्याच्या स्पर्धेंत जगज्जेत्या झाल्या. त्या पायरीवर उत्तम साधन हवेंच. परंतु तें शेवटच्या पायऱ्यांसाठीं असतें, पहिल्यांसाठीं नव्हे.

म्हणून पालकांस विनंति अशी कीं, ही रायफल परवान्यावांचून बाळगतां येत नाहीं हें ध्यानांत ठेवून मुलांचा प्रारंभ क्लबाच्या वा एन. सी. सी. च्या रायफलीवरच होऊं द्यावा. आधीं चांगला शिक्षक पाहावा, मग माप, मग काडतुसें. मुलाचे गुण वाढतां वाढतां थांबतील, आणि शिक्षकच म्हणेल कीं आतां उणीव मुलाची नसून रायफलीची आहे, तेव्हां नवी घ्यावी.

आणि विद्यार्थिमित्रांनो, शेजाऱ्याच्या हातीं चकाकणारी रायफल पाहून खिन्न होऊं नका. निशाणाच्या कागदाला रायफलीचें साल वाचतां येत नाहीं. त्यावर केवळ छिद्र उमटतें, आणि तें कोठें पडावें हें बहुतांशीं तुमचा श्वास, तुमचें बोट व तुमचा धीर हेच ठरवितात.